अठरा वर्षांनंतर मित्र कुठे मिळतात? (भाऊ १९, डाऊन सिंड्रोम)

पारिजात_गोरेगाव
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम. आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो. अठरा पूर्ण होईपर्यंत तो विशेष शाळेत होता, आता व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जातो, सकाळी दहा ते दुपारी तीन. पणत्या रंगवणं, पाकिटं चिकटवणं, मसाल्याच्या पुड्या भरणं, हंगामाप्रमाणे काय असेल ते. काम मन लावून करतो. अडचण तीननंतर सुरू होते.

बिल्डिंगमधली चार-पाच मुलं त्याच्याच वयाची. लहानपणी सगळे खाली एकत्र खेळायचे. दहावीनंतर एकेकाचे क्लास सुरू झाले, मग कॉलेज. आता लिफ्टमध्ये भेटली की 'काय चॅम्पियन, कसा आहेस?' म्हणून पाठीवर थाप मारतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात. वाईट कोणीच नाही. वाढदिवसाला येतात, केक खातात, फोटो काढतात. मध्यंतरी ती सगळी मिळून लोणावळ्याला जाऊन आली. ह्याने ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर पाहिलं. एकेक फोटो बोटांनी मोठा करून कोण कोण आहे ते मला नावं घेऊन सांगत होता. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर म्हणाला, "माझं विसरले."

आई म्हणते, त्या मुलांच्या आयांशी बोलू या. मला पटत नाही. आईने पाठवलं म्हणून आलेला मुलगा अर्धा तास बसून निघून जाईल, आणि भावाच्या ते लक्षात येईल. त्याला बोलायला वेळ लागतो, समजायला लागत नाही.

त्याच्याशी गोड बोलणारे भरपूर आहेत हो. त्याच्यावर चिडणारा, त्याला हरवणारा, त्याच्याकडून हरल्यावर तोंड पाडून बसणारा, त्याच्या ताटातली भजी उचलणारा कोणी नाही. तुमच्या घरात, शेजारात, कॉलेजात अशी मैत्री झालेली पाहिली आहे का? झाली तर कशामुळे टिकली? संस्थांची यादी माझ्याकडे आहे, अनुभव सांगा.

चहाबाज
वाचतोय. "माझं विसरले" वाचून थांबलो.

लालबागचा_चाळकरी
ताई, आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर असा एक मुलगा होता. गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. डाऊन सिंड्रोम वगैरे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक खेळात तो लिंबूटिंबू. आऊट झाला तरी खेळत राहायचा, लगोरीत त्याला कोणी चेंडू मारायचं नाही. जेवायच्या वेळेला ज्याच्या दारात असेल त्याच्याकडे जेवायचा. त्याला मित्र शोधून द्यायची वेळ त्याच्या आईवर कधी आली नाही, कारण दारंच बंद नसायची. टॉवर उभा राहिला, दारं बंद झाली. तुमच्या भावाची अडचण त्या बंद दारांमुळे आहे असं मला वाटतं.

फास्ट_लोकल
चाळकरीकाका, आदर आहे, पण मीही परळच्या चाळीत वाढलोय. आमच्याकडेही एक दादा होता. सिगारेट आणायला तो, पाण्याचे हंडे चढवायला तो, विसर्जनाला मध्ये उभा करून नाचवायचे आणि सगळे भोवती हसायचे. तो पण हसायचा, म्हणून सगळं छान चाललंय असं मोठी माणसं धरून चालायची. त्याची आई वारली आणि मामा त्याला गावी घेऊन गेला. एवढ्या मोठ्या चाळीत एकानेही त्या मामाचा पत्ता विचारून ठेवला नाही. ह्याला मैत्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लालबागचा_चाळकरी
टिंगल आमच्याकडेही झाली, नाही म्हणत नाही. पण रोज डोळ्यांसमोर तरी होता ना? आज माझ्या टॉवरमध्ये असं मूल आहे की नाही हेही मला माहीत नाही. दिसलाच नाही तर ओळख कशी व्हायची?

पारिजात_गोरेगाव
काका, तुमचं आणि फास्ट लोकल यांचं, दोन्ही पटलं.

लिंबूटिंबूवरून सांगते. सहाव्या वर्षी त्याला त्यात मजा यायची. दोनेक वर्षांपूर्वी मुलांनी रविवारी त्याला क्रिकेटला घेतलं होतं. हा चक्क बोल्ड झाला, मधला स्टंप पडला, आणि बोलर ओरडला, "नो बॉल!" सगळे "हो हो, नो बॉल" म्हणाले. हा बॅट तिथेच ठेवून वर आला. आम्हाला वाटलं कोणी मारलं की काय. संध्याकाळी बाबांना म्हणाला, "मी आऊट होतो." रात्री जेवतानाही तेच, "मी आऊट होतो." त्यानंतर तो खाली खेळायला गेलेला नाही.

तिसरी_घंटा
पारिजात, मी विशेष शिक्षिका आहे, मुंबईतच. तुझ्या भावाने बॅट ठेवली ते योग्यच केलं असं मी म्हणेन.

आधी थोडं शिकवणं, कारण इथे बरेच जण पहिल्यांदा वाचत असतील. बौद्धिक अक्षमता ठरवताना नुसता बुद्ध्यांक ७० च्या खाली आहे एवढंच बघत नाहीत. पैसे हाताळणं, प्रवास, स्वतःचं आवरणं, लोकांशी वागणं या रोजच्या गोष्टींत किती आधार लागतो तेही बघतात, आणि हे सगळं वाढीच्या वयातच दिसायला लागलेलं असतं. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. स्नायू सैल असतात, जीभ आणि ओठ हवे तसे वळत नाहीत, बऱ्याच जणांना थोडं कमी ऐकू येतं. म्हणून समज पुढे आणि बोलणं मागे राहतं. नवा माणूस प्रश्न विचारतो, दोन सेकंद थांबतो आणि ताईकडे वळून म्हणतो, "ह्याला काय आवडतं?" झालं, संपलं बोलणं. आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी सांगते: विचारा, मनात दहा आकडे मोजा, तरी उत्तर आलं नाही तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा विचारा. शब्द बदलले की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता खेळ. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या पहिल्या स्पर्धा १९६८ साली शिकागोला झाल्या. त्यातूनच पुढे युनिफाइड स्पोर्ट्स निघालं, म्हणजे एकाच संघात दोन्ही प्रकारचे खेळाडू. पाच जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर तिघं बौद्धिक अक्षमता असलेले आणि दोघं नसलेले. बॅडमिंटनच्या दुहेरीत एक-एक. वय आणि खेळाचा दर्जा शक्य तितका जुळवून घेतात. नियम सगळ्यांना सारखे, आणि एकट्यानेच सगळे गोल मारणाऱ्या जोडीदाराला बाजूला बसवतात. तिथे मधला स्टंप पडला की आऊट. स्पेशल ऑलिम्पिक्स भारतची महाराष्ट्र शाखा आहे, त्यांच्याकडे चौकशी कर.

एक मात्र सांभाळ. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांचा मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. कोलांटउडी, पाण्यात सूर मारणं, उत्साहाच्या भरात खांद्यावर घेऊन थर लावणं, यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, तेही मित्रांना माहीत असलेलं बरं. हे सांगितलं की पोरं पळून जातात असं पालकांना वाटतं. माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर ती निर्धास्त होतात.

कट्टा_कॅप्टन
ताई, मी एसवायला आहे. मी असा मित्र आहे, म्हणून लिहितोय.

एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. त्यासाठी आमची बॅच एका केंद्रात गेली होती. पहिल्या दिवशी गाणी, खाऊवाटप, सेल्फी. आम्ही बस सुटायची वाट बघत होतो आणि ते पण आम्ही कधी जातोय याची वाट बघत होते. खरंच सांगतो, त्यांचं काम खोळंबलं होतं.

तास कमी पडत होते म्हणून आम्ही तिघं परत गेलो, तर तिथल्या मॅडमनी सरळ पाकिटांच्या टेबलावर बसवलं. माझ्या शेजारी २४ वर्षांचा दादा. माझी घडी वाकडी आली की तो काही न बोलता पाकीट उलगडायचा, अंगठ्याच्या नखाने कागदावरची जुनी रेघ दाबून काढायचा, परत घडी घालायचा आणि माझ्यासमोर ठेवायचा. दुपारपर्यंत असंच चाललं. जेवायच्या सुट्टीत कॅरम. तो बोर्डावर पावडर इतकी टाकतो की स्ट्रायकर आपोआप चालतो! कव्हर न घेता राणी घेतली आणि मी गप्प बसलो तर तो स्वतःच राणी परत मध्ये ठेवतो. माझी सोंगटी मात्र कधी सोडत नाही.

माझे तास केव्हाच भरले. अजून आम्ही शनिवारी भेटतो. कधी कधी कंटाळाही येतो, कारण तो एकच किस्सा परत परत सांगतो. पण माझा रूममेटही सांगतो.

एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी अशी. सुरुवातीला तो मला दिवसभर फोन करायचा. परीक्षा जवळ आली आणि मी स्पष्ट सांगितलं, रात्री नऊला एक फोन. त्याच्या आईला वाटलं तो दुखावेल. दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला फोन आला, "नऊ वाजले." आता मी उशिरा उचलला तर तोच मला ओरडतो. आम्हाला 'नाही' म्हणता येत नसतं तर मी कधीच पळालो असतो.

चहाबाज
कॅप्टन, राणी परत मध्ये ठेवणारा पार्टनर मला पण हवाय. आमच्या ऑफिसच्या कॅरम स्पर्धेत भले भले साहेब कव्हर विसरतात.

रोखठोक
माझं मत वेगळं आहे, राग नसावा. माझा मुलगा बारावीला आहे, जेईईची तयारी. मी त्याला 'जा, अमक्याशी मैत्री कर' असं कधीही सांगणार नाही. मैत्री सांगून होत नाही. दया म्हणून केलेली सोबत दोघांनाही जड जाते. आणि या वयात पोरं आपल्यासारख्याच पोरांत रमतात, ते नैसर्गिक आहे. माझ्या मुलालाही कुठल्या ग्रुपने लोणावळ्याला नेलेलं नाही.

मेथीची_जुडी
रोखठोक, नैसर्गिक म्हणालात की सगळी जबाबदारी संपली का?

पारिजात_गोरेगाव
मेथी, त्यांचं म्हणणं मला समजतंय. रोखठोक, तुमच्या मुलालाही कोणी नेलं नाही हे वाचून वाईट वाटलं, मनापासून.

मैत्री सांगून होत नाही, खरंय. भेट मात्र सांगूनच होते. माझी शाळेतली जिवलग मैत्रीण माझ्या शेजारी आली कारण बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं. बाक, तुकडी, क्लासची बॅच, हॉस्टेलची खोली, सगळं कोणीतरी ठरवून दिलेलं असतं, आणि त्यातूनच आपल्यासारखी माणसं सापडतात. माझ्या भावाला असा बाक मिळालाच नाही. शाळा वेगळी, बस वेगळी, आता केंद्र वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात म्हटलंय की शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि त्याच कलमात खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी असं आहे. तो लहान असताना आम्ही ज्या शाळांत गेलो तिथे "आमच्याकडे सोय नाही, तुम्हीच समजून घ्या" एवढं ऐकून परत आलो. आता तुमचा मुलगा आणि माझा भाऊ एका बाकावर कधी बसलेच नाहीत, तर कोण कुणात रमलं असतं हे कसं ठरवायचं?

रोखठोक
बाकाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. जबरदस्ती नको यावर मी ठाम आहे.

तिसरी_घंटा
जबरदस्ती नकोच. विशेष मुलांच्या बाजूनेही नको. "तुझ्याकडे पाहुणे आलेत, हस" असं त्यांना आयुष्यभर सांगितलेलं असतं.

मेथीची_जुडी
मी माझं सांगते. लेक २२ वर्षांची, बौद्धिक अक्षमता मध्यम. मैत्रीविषयी इथे सगळं गोड वाचून मला आनंद झाला, पण मुलीची आई म्हणून मला आधी भीती वाटते. 'मित्र' म्हणून जवळ येणारा कोण आहे हे तिला ओळखता येत नाही, आणि तिला सगळ्यांना मिठी मारायची सवय लहानपणी आम्हीच लावली, कारण सगळ्यांना ते गोंडस वाटायचं. मग शिकवायला बसलो. घरच्यांना मिठी, मैत्रिणींशी टाळी, ओळखीच्यांना नमस्कार, अनोळखी माणसाला काहीच नाही. 'हे कुणाला सांगू नकोस' असं जो म्हणेल त्याचं नाव सगळ्यात आधी आईला सांगायचं. चित्रं काढून कपाटाच्या दारावर चिकटवली. शिकली ती.

पैशाचंही तेच. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला फोनवर पैसे पाठवायला शिकवलं, सगळ्यांना कौतुक. थोड्या दिवसांनी कळलं की त्याचे 'मित्र' रोज सँडविच खातात आणि पैसे हाच भरतो. त्याला वाटायचं, मित्र म्हणजे पैसे भरणं. आता त्याच्या त्या खात्यात आठवड्याला ठरलेली छोटी रक्कमच असते, आणि आज मी, उद्या तू, हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे.

हे सगळं करूनही मी तिला घरात ठेवणार नाही. घरात ठेवल्याने सुरक्षित राहतं असं ज्यांना वाटतं त्यांनी घरातल्या बातम्याही वाचाव्यात. तिला जास्त माणसं ओळखू देत. काही बिनसलं तर लक्षात यायला चार डोळे जास्त.

हार्बर_लाइन
मी पण भावंड. चेंबूर. माझी ताई ३४ वर्षांची, डाऊन सिंड्रोम. धाग्यावर एक मुद्दा कोणी काढला नाही तो काढतो.

अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान २५ च्या आसपास होतं, आज ६० च्या आसपास आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया लहानपणीच होऊ लागल्या, लोकांना संस्थांत कोंडून ठेवणं कमी झालं. ताई लहान असताना आईला सगळे म्हणायचे, जितके दिवस आहे तितके दिवस लाड कर. आईने लाड केले. आता ताई चौतिशीत आहे, आई सत्तरीत, आणि ताईच्या फोनमध्ये घरचे, दोन डॉक्टर आणि एक रिक्षावाले काका एवढेच नंबर आहेत. पारिजात, तुझ्या भावापुढे कदाचित चाळीस वर्षं आहेत. ती नुसत्या बहिणीच्या जिवावर काढायची नाहीत.

कागदपत्रांचंही जाता जाता सांगतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरानंतर कायदेशीर पालकत्व घेता येतं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे. तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते.

फास्ट_लोकल
रेल्वेचं पण काढून घ्या. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगांना सेकंड क्लास आणि स्लीपरला ७५ टक्के सवलत आहे, पासावर ५० टक्के, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. दिव्यांगांच्या डब्याबद्दल मात्र बोलायला नको. सकाळी साडेआठला त्यात धडधाकट माणसं पेपर वाचत बसलेली असतात.

हार्बर_लाइन
आमच्या ताईला तर त्या डब्यात "ही कुठे अपंग दिसते?" असं विचारलंय. पांगळेपण दिसलं तरच खरं मानायचं अशी पद्धत आहे.

चहाबाज
विषयांतर होतंय, पण गरजेचं आहे. डब्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

मंडळाचा_चिटणीस
आमचा अनुभव सांगतो. उपनगरातलं छोटं सार्वजनिक मंडळ. गल्लीत एक मुलगा आहे, २० वर्षांचा. आधी त्याला आरतीला पुढे उभं करायचे, घंटा द्यायचे, बस. दोन वर्षांपूर्वी दर्शनाच्या रांगेला माणूस कमी पडला म्हणून त्याला दोरीपाशी उभं केलं आणि सांगितलं, दहा माणसं आत, मग दोरी. त्याने ते जे धरलं! दहा म्हणजे दहा. एका संध्याकाळी एक मोठे पाहुणे कार्यकर्त्यांसह आले आणि सरळ आत निघाले. ह्याने दोरी लावली. "दहा झाले." आमचे अध्यक्ष मागून हातवारे करतायत, हा बघेचना. पाहुणे हसले आणि पुढची दहा माणसं आत जाईपर्यंत उभे राहिले. तेव्हापासून रांगेचा प्रमुख तोच.

मैत्री तिथून सुरू झाली. त्याच्याबरोबर ड्युटी करणारी पोरं रात्री बारानंतर मंडपात पत्ते कुटतात, त्यात हा असतो. मांडव उतरल्यावरही पोरं त्याला चहाला हाक मारतात. ढोल-ताशाचा आवाज त्याला सहन होत नाही, हे आम्हाला पोरांनीच सांगितलं. विसर्जनाला तो आता पुढच्या टेम्पोत, पथकापासून लांब.

लालबागचा_चाळकरी
चिटणीससाहेब, हे वाचून डोळे भरले. आमच्या चाळीतल्या मुलाला आम्ही जेवायला घातलं, पण दोरी कधी हातात दिली नाही.

तिसरी_घंटा
हेच. अमेरिकेत १९८९ मध्ये बेस्ट बडीज नावाची संस्था सुरू झाली, त्यात एकास एक जोडी लावून देतात. कल्पना चांगली, पण मी इथे जे पाहिलंय त्यात नुसत्या जोड्या लावून 'आता बोला' म्हटलं की दोघंही फरशीकडे बघतात. हाताला काम किंवा खेळ हवा, ठरलेला वार हवा, आणि तिथे दोघांपैकी कोणीही कमी पडू शकेल असं काहीतरी हवं.

चहाबाज
जुहूला कॅफे अर्पण आहे, तिथे बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेली तरुण मंडळी काम करतात. मी तिथे चहा प्यायलोय. सेवा वगैरे मनात न आणता गिऱ्हाईक म्हणून जा, मजा येते.

पारिजात, एक विचारू? आपण सगळे इतकं लिहितोय. भावाला विचारलंस का, त्याला कोण हवंय?

पारिजात_गोरेगाव
चहाबाज, काल रात्री विचारलं. तिसरी घंटा यांची युक्ती वापरली. "तुला कोणाबरोबर फिरायला जायचंय?" आणि मनात दहा आकडे. सातव्या-आठव्यालाच उत्तर आलं.

दोन नावं. एक बिल्डिंगमधल्या मुलाचं, तेही त्या बोलरचं, ज्याने नो बॉल दिला होता. मला वाटलं होतं त्याच्यावर राग असेल. दुसरं नाव आमच्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. केंद्रात त्याच्या शेजारी पुड्या भरणारा मुलगा, वसईहून येतो. ते दोघं रोज डबा अर्धा-अर्धा करतात म्हणे. आई रोज दोन पोळ्या जास्त का लागतात म्हणून विचारत होती, त्याचा उलगडा झाला. त्याला तो मुलगा घरी यायला हवाय. केंद्र सुटलं की तो वसईच्या गाडीत आणि हा गोरेगावच्या रिक्षात, आणि दोघांनाही एकट्याने निघता येत नाही. म्हणजे मित्र आहे. त्याला आणणारं-सोडणारं कोणी नाही.

मी म्हटलं, चल, आपण तिघं जाऊ मरीन ड्राइव्हला. तर म्हणाला, "तू नको."

मेथीची_जुडी
तू नको!! शाब्बास. एकोणीस वर्षांच्या मुलाने बहिणीला हेच सांगायचं असतं.

हार्बर_लाइन
आपण नेहमी बाहेरच्या, 'नॉर्मल' मुलांशी मैत्री व्हावी म्हणून धडपडतो. त्यांची एकमेकांत असलेली मैत्री कोणी मोजत नाही. ताईची शाळेतली मैत्रीण ठाण्याला होती. शाळा संपली आणि दोन्ही घरांनी 'बघू, कधीतरी' म्हटलं. ताई अजून तिचं नाव घेते.

तिसरी_घंटा
शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली एका आई-वडिलांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी काढली. इतक्या वर्षांत शाळा झाल्या, केंद्रं झाली, थेरपी आली. शाळा सुटल्यावर दोन मित्रांनी भेटायचं कसं, याची सोय मात्र अजून घरोघरी आई-बापच करतायत, आणि जमलं तर करतायत.

कट्टा_कॅप्टन
ताई, मी अंधेरीला राहतो. वसईच्या मुलाच्या घरच्यांची हरकत नसेल तर केंद्रातून दोघांना घेऊन गोरेगावला मी येतो. माझा शनिवारवाला दादा पण येईल, त्याला नवीन पार्टनर चालतात. कॅरमला चार जण लागतातच. वसईला परत सोडायचं मात्र कोणीतरी बघा, माझी सातला लायब्ररी असते.

फास्ट_लोकल
मी नालासोपाऱ्याचा. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. गोरेगावहून वसईला सोडणं माझ्या वाटेवर आहे. आधी त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांना भेटतो, ओळखपत्र दाखवतो. मेथीताईंनी जे लिहिलंय त्यानंतर नुसतं 'मी चांगला माणूस आहे' म्हणून चालणार नाही.

मेथीची_जुडी
उत्तम. आणि पहिल्या दोन-तीन वेळा कोणीतरी घरचं आसपास असू दे. खोलीत बसायचं नाही, स्वयंपाकघरात.

पारिजात_गोरेगाव
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. वसईच्या आईशी फोनवर बोलले. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या मुलाला कोणी बोलावलं नव्हतं अजून." या शनिवारी त्या स्वतः पण येतायत. फास्ट लोकल, तुमचा नंबर त्यांना व्यनितून (खासगी निरोपातून) देते.

बोलरशी मी बोलले नाही. भावाने स्वतः लिफ्टमध्ये त्याला "शनिवार, चार, कॅरम" असं सांगितलं आणि तो 'बघतो' म्हणाला. बघू काय करतो. नाही आला तरी आता चार जण आहेत.

रोखठोक
मुलाला हा धागा वाचायला दिला. मी काही बोललो नाही. तो म्हणाला, बॅडमिंटनची दुहेरी असेल तर मे महिन्यात पेपर संपल्यावर यायला आवडेल, पण तो मुद्दाम हरणार नाही. आम्ही मालाडला आहोत.

पारिजात_गोरेगाव
मुद्दाम हरला तर भाऊ रॅकेट ठेवून घरी येईल. त्याला नक्की आणा. मान आणि हृदयाच्या तपासणीचे कागद तोपर्यंत डॉक्टरांकडून नीट करून घेते.

मंडळाचा_चिटणीस
हॉल लागला तर सांगा. सोसायटीवाले कुरकुर करतील, मंडळाची खोली वर्षभर रिकामी असते.

मेथीची_जुडी
पारिजात, अजून एक. मुलींना प्रवेश आहे का? लेक कॅरम खेळत नाही, पण बदाम सातमध्ये सत्ता दाबून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पार्ल्याहून गोरेगाव लांब नाही. येताना मी तुझ्या आईबरोबर स्वयंपाकघरात बसेन.

पारिजात_गोरेगाव
प्रवेश काय विचारतेस, याच. तुमची लेक एकटीच मुलांमध्ये नको, म्हणून हार्बर लाइन, तुझ्या ताईला पण आण. ठाण्याच्या मैत्रिणीचा पत्ता अजून मिळतो का बघ, नसेल तर जुन्या शाळेत विचार, त्यांच्याकडे नोंद असेल. पत्त्यांचे दोन कॅट लागतील, आमच्याकडच्या कॅटमध्ये चौकटचा गुलाम नाही.